दाराशी आलेला कागद: अमेरिकेतल्या युनियन स्थलांतरित कामगारांसाठी कशा आणि का लढतात

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलचं मागचं दार डोळ्यांसमोर आणा. भाजीची खोकी आत घ्यायची, कचऱ्याच्या पिशव्या बाहेर काढायच्या, असं ते दार. सकाळी त्यावर थाप पडते. बाहेर चार-पाच जण, जाकिटांवर 'पोलीस' अशी अक्षरं. ते गावचे पोलीस नसतात, 'इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट' या केंद्रीय खात्याचे असतात. लोक या खात्याला नुसतं 'आइस' म्हणतात. त्यांच्या हातात एक कागद असतो आणि ते सांगतात, "आमच्याकडे वॉरंट आहे."

दार उघडणाऱ्याने त्या कागदावर दोन गोष्टी बघायच्या: माथ्यावर काय छापलंय आणि तळाशी सही कोणाची आहे. माथ्यावर 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' आणि खाली न्यायाधीशाची सही असेल, तर तो कोर्टाचा हुकूम. त्यात जी जागा लिहिली आहे तिथे शिरताना त्यांना अडवता येत नाही. पण माथ्यावर 'डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी' आणि खाली खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असेल, तर ते खात्याचं स्वतःचं वॉरंट. आय-२०० नावाचा फॉर्म हा त्यातला नेहमीचा. त्याच्या जोरावर एखाद्याला रस्त्यावर, लॉबीत, पार्किंगमध्ये, म्हणजे कोणीही येऊ-जाऊ शकतं अशा ठिकाणी पकडता येतं. भटारखाना, धुलाईखाना, गोदाम अशा गिऱ्हाइकाला मज्जाव असलेल्या जागेत शिरायला मात्र तो कागद पुरत नाही. अलीकडे हे खातं आपल्या कागदाचा जोर वाढवून सांगू लागलंय आणि त्यावर कोर्टात भांडणं चालू आहेत, पण युनियनच्या शिकवणीत आजही पहिला धडा हाच असतो: सही बघा.

कागद पुरत नसला तरी एक वाट मोकळी असते. मालकाने किंवा मॅनेजरने 'या आत' म्हटलं, की वॉरंटची गरजच उरत नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. कारखान्याच्या उंबरठ्याला राज्यघटनेचं जे संरक्षण मिळतं, ते मुख्यतः मालकाच्या जागेला मिळतं. तिथे राबणाऱ्याचं नशीब मालकाच्या मर्जीला टांगलेलं राहतं. मालक चांगला असेल तर दार बंद ठेवील, घाबरला तर उघडेल, आणि कामगार पगारवाढ मागत असतील तर कदाचित स्वतःच फोन करून बोलावील. युनियन ही मर्जी मालकाच्या हातून काढून घेऊन करारात बांधते.

अमेरिकेत युनियन आणि कंपनी यांच्यात काही वर्षांसाठी लेखी करार होतो. पगार, रजा, आरोग्यविमा हे त्यात असतंच. पण हॉटेल कामगारांची 'युनायट हियर', सफाई कामगारांची 'एसईआययू' यांसारख्या युनियनच्या करारांत आणखी काही कलमं सापडतात. कोर्टाचं वॉरंट दाखवल्याशिवाय खात्याच्या माणसांना आत घेऊ नये. ते आले किंवा त्यांची नोटीस आली, तर युनियनला ताबडतोब कळवावं. कामगाराच्या कागदपत्रांत गफलत निघाली तर त्याला तिथल्या तिथे काढू नये, दुरुस्तीला मुदत द्यावी. व्हिसाच्या किंवा निर्वासित अर्जाच्या सुनावणीसाठी रजा द्यावी. काही करारांत असंही असतं, की कागदपत्रं नीट करून माणूस ठरलेल्या मुदतीत परत आला तर त्याला जुन्या सेवाज्येष्ठतेसकट कामावर घ्यावं. या शेवटच्या कलमाचं मोल बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. पंधरा वर्षं खोल्या साफ करून मिळवलेली सकाळची पाळी आणि रविवारची सुट्टी त्या एका ओळीवर टिकते.

कागदपत्रांच्या गफलतीचं थोडं समजावून सांगायला हवं. १९८६ च्या कायद्यापासून अमेरिकेत प्रत्येक मालकाला नव्या कामगाराचा आय-९ नावाचा फॉर्म भरून ठेवावा लागतो, म्हणजे या माणसाला इथे काम करायची परवानगी आहे हे कागद बघून नोंदवावं लागतं. सरकार हे फॉर्म तपासायला मागू शकतं. त्याशिवाय प्रत्येक कामगाराचा सरकारी नंबर सांभाळणाऱ्या सोशल सिक्युरिटी खात्याकडून कधी कधी 'नाव आणि नंबर जुळत नाही' असं पत्र येतं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, टायपिंगची चूक, स्पॅनिश पद्धतीची दोन आडनावं, कशानेही हे होऊ शकतं. ते पत्र म्हणजे माणूस बेकायदा असल्याचा पुरावा नव्हे. पण पुष्कळ मालक त्याचा तसा वापर करतात, आणि बहुतेक वेळा नको त्या वेळी. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून एवढं तरी बंधन घातलं, की आय-९ तपासणीची नोटीस आल्यावर ७२ तासांच्या आत मालकाने ती कामगारांना आणि युनियनला कळवलीच पाहिजे.

आता मूळ प्रश्न. युनियन ही वर्गणी भरणाऱ्या सभासदांची संघटना. पगाराचं भांडण तिने भांडावं, व्हिसाच्या भानगडीत का पडावं?

याचं उत्तर दोन खटल्यांत आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कागदपत्रं नसलेला कामगारही कायद्याने 'कामगार'च आहे, त्यालाही युनियन करण्याचा हक्क आहे. पण २००२ मध्ये त्याच कोर्टाने, पाच विरुद्ध चार मतांनी, त्या हक्कातली हवा काढून टाकली. कॅलिफोर्नियातल्या हॉफमन प्लॅस्टिक कंपाउंड्स या कंपनीने युनियनसाठी खटपट करणाऱ्या एका कामगाराला काढून टाकलं होतं. हे काढणं बेकायदा होतं, याबद्दल वाद नव्हता. नुकसानभरपाई म्हणून केंद्रीय कामगार मंडळाने, म्हणजे युनियनच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाने, त्याला सुमारे ६७ हजार डॉलर थकीत पगार मंजूर केला. कोर्ट म्हणालं, या माणसाला इथे काम करायचीच परवानगी नव्हती, तेव्हा बुडालेला पगार मिळणार नाही. विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी तेव्हाच दाखवून दिलं, की यामुळे मालकाला कायदा मोडणं स्वस्त पडेल.

आणि ते स्वस्त पडलंच. मालकाच्या बाजूने विचार करून बघा. दोन कामगार एकाच यंत्रावर आहेत, पहिला कागदपत्रं असलेला, दुसरा नसलेला. एकाला युनियन केली म्हणून काढलं तर पगार भरून द्यावा लागेल, दुसऱ्याला काढलं तर जवळजवळ काहीच नाही. वर दुसऱ्याला काढायचीही गरज नसते, नुसतं 'आइस' हा शब्द उच्चारला की तो ओव्हरटाइम मागायचा थांबतो. तो थांबला की त्याच्या शेजारचा, अमेरिकन पासपोर्टवाला, तोही एकटा पडतो. भीतीने एकाची मजुरी पाडली की ती सगळ्यांचीच पडते. युनियन स्थलांतरितांच्या मागे उभी राहते त्यात माया आहेच, पण हा रोकडा हिशोबही आहे, आणि हिशोब आहे म्हणूनच ती लढाई टिकते असं मला वाटतं.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात टार हील नावाचं गाव आहे. तिथे स्मिथफील्ड कंपनीचा डुकरांचा कत्तलखाना, जगातला सर्वांत मोठा. दिवसाला सुमारे ३२ हजार जनावरं, पाच हजारांच्या आसपास कामगार. मुख्यतः कृष्णवर्णीय आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेतून आलेले, म्हणजे लॅटिनो. 'यूएफसीडब्ल्यू' या अन्न कामगारांच्या युनियनने तिथे १९९४ आणि १९९७ मध्ये मतदान घडवून आणलं आणि दोन्ही वेळा ती हरली. कंपनीने धाकदपटशा केला होता हे पुढे कोर्टातही टिकलं, पण तोवर २००६ साल उजाडलं. त्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने 'नंबर जुळत नाही' या कारणावरून काही डझन कामगारांना काढलं. तेव्हा सुमारे हजार कामगार, बहुतेक लॅटिनो, काम टाकून दारातून बाहेर आले. तिथे तोवर युनियन नव्हतीच. तरी कंपनीला बोलणी करावी लागली, काढलेल्यांना परत घ्यावं लागलं, कागद दुरुस्त करायला मुदत द्यावी लागली.

दोन महिन्यांनी, २४ जानेवारी २००७ ला, त्याच कारखान्यात इमिग्रेशन खात्याने २१ जणांना पकडलं. एकवीस हा आकडा पाच हजारांत कितीसा? पण त्यानंतर शेकडो लॅटिनो कामगार कामावर आलेच नाहीत. बाहेर पडलेल्या त्या जमावातले कित्येक जण गावच सोडून गेले. सगळ्यांना वाटलं, चळवळ संपली. ती जिवंत ठेवली कृष्णवर्णीय कामगारांनी. देशाबाहेर काढण्याची धमकी त्यांना देता येत नव्हती. मागे राहिलेल्या लॅटिनोंना सोबत घेऊन त्यांनी आणखी दोन वर्षं काढली, आणि डिसेंबर २००८ मध्ये मतं मोजली तेव्हा युनियनला २,०४१ आणि विरोधात १,८७९. चौदा वर्षांनी जिंकले, आणि जिंकले तेव्हा ज्यांनी पहिल्यांदा दारं ओलांडली त्यांतले बरेच जण मत द्यायला तिथे नव्हते. हा इतिहास वाचताना मला दर वेळी मतदानाच्या रांगेतली त्यांची रिकामी जागा डोळ्यांसमोर येते.

याच युनियन पूर्वी दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या, हेही सांगायला हवं. चिनी मजुरांना देशात येऊ न देणाऱ्या १८८२ च्या कायद्यामागे तेव्हाच्या कामगार संघटनांचा मोठा रेटा होता. शेतमजुरांचे लाडके नेते सीझर चावेझ यांच्या युनियनच्या माणसांनी १९७४ मध्ये ॲरिझोनाच्या सीमेवर पहारे लावून मेक्सिकन मजुरांना अडवलं, कारण मालक त्यांना संप फोडायला आणत होते. आणि ज्या १९८६ च्या कायद्याने आय-९ आणला, त्यातल्या मालकांना दंड करण्याच्या तरतुदीला 'एएफएल-सीआयओ' या मोठ्या महासंघाचा पाठिंबा होता. वाटलं होतं, दंडाच्या भीतीने मालक बिनकागदाच्या मजुरांना घेणार नाहीत. मालक घेतच राहिले, आणि दंडाची भीती कामगाराच्या मानेवर बसली. फेब्रुवारी २००० मध्ये महासंघाने जाहीरपणे दिशा बदलली: तो दंड रद्द करा आणि इथे राहणाऱ्या कामगारांना कायदेशीर करा. हे मतपरिवर्तन वरून आलं नाही. लॉस एंजेलिसच्या सफाई कामगारांनी १९९० मध्ये सेंच्युरी सिटीत पोलिसांच्या लाठ्या खाऊन करार मिळवला, तेव्हापासून महासंघाला कळत होतं की नवे सभासद याच लोकांतून येणार आहेत.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या जहाजदुरुस्ती कंपनीने भारतातून सुमारे ५०० वेल्डर आणि पाइपफिटर नेले. भरती करणाऱ्यांत मुंबईची एक एजन्सी होती. ग्रीन कार्ड मिळेल असं सांगून माणशी १० ते २० हजार डॉलर घेतले गेले. कोणी जमीन विकली, कोणी सोनं गहाण टाकलं. व्हिसा मात्र हंगामी होता आणि त्याच एका मालकाला बांधलेला. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, तशीच ही गत होती. मिसिसिपीतल्या पास्कागूलात एका लांबट खोलीत चोवीस-चोवीस माणसं, आणि त्यासाठी पगारातून महिन्याला १,०५० डॉलर कापले जात.

कामगार एकत्र येऊ लागले तेव्हा मार्च २००७ मधल्या एका पहाटे कंपनीच्या पहारेकऱ्यांनी पुढाऱ्यांना पकडून थेट भारतात धाडायचा घाट घातला. त्यांतल्या एकाने मनगट कापून घेतलं, तो वाचला. या बेताआधी कंपनीने इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घेतला होता, हे पुढे कंपनीच्याच माणसांच्या साक्षीतून उघड झालं. वर्षभराने सुमारे शंभर जण काम सोडून बाहेर पडले. न्यू ऑर्लिन्सच्या कामगार केंद्राची आणि युनियनवाल्यांची साथ घेऊन ते वॉशिंग्टनला गेले, तिथे उपोषणाला बसले. आपल्या त्या वाटचालीला ते सत्याग्रह म्हणत. २०१५ मध्ये ज्यूरीने पहिल्या पाच जणांना १.४ कोटी डॉलर द्यायला लावले, नंतर कंपनीने बाकीच्यांशी दोन कोटींची तडजोड केली आणि माफी मागितली. यांचे व्हिसा पहिल्या दिवशी अगदी कायदेशीर होते. कागद खरा असला तरी तो मालकाच्या खिशात असेल तर भीती तीच असते.

२०२५ पासून धाडींचं प्रमाण आणि तऱ्हा दोन्ही बदलले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पत्राकामाच्या 'स्मार्ट' या युनियनचा मेरीलँडमधला एक शिकाऊ कामगार एल साल्वाडोरच्या तुरुंगात धाडला गेला. २०१९ मध्ये एका इमिग्रेशन न्यायाधीशाने त्याला त्याच देशात पाठवायला मनाई केलेली होती. सरकारी वकिलांनीच ही चूक झाल्याचं कोर्टात मान्य केलं, तरी परत आणायला टाळाटाळ चालली. बांधकाम क्षेत्रातल्या युनियन परंपरेने तशा जुन्या वळणाच्या, त्यांच्या सभासदांत ट्रम्प यांना मत देणारेही पुष्कळ. पण हा आपला माणूस आहे, त्याला परत आणा, असं त्यांच्या नेत्यांनी जाहीर व्यासपीठावरून मागितलं. जूनच्या ६ तारखेला तो अमेरिकेत परत आला. मात्र सरकारने लगेच त्याच्यावर नवा फौजदारी खटला भरला.

त्याच ६ जूनला लॉस एंजेलिसमध्ये एका कपड्यांच्या कंपनीवर धाड पडली. बाहेर निदर्शनं करताना 'एसईआययू'चे कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष डेव्हिड वेर्ता यांना अटक झाली. ढकलाढकलीत ते जखमी झाले, रुग्णालयात नेलं गेलं, तीन दिवसांनी ५० हजार डॉलरच्या हमीवर सुटले. सुटकेसाठी देशभरच्या शहरांत युनियनचे लोक रस्त्यावर आले होते. त्यांच्यावरचा मूळचा गंभीर आरोप सरकारने पुढे किरकोळ गुन्ह्यावर आणला.

कोर्टातली लढाई शेतमजुरांच्या युनियनने पुढे नेली. रंग, स्पॅनिश बोलणं, गाड्या धुण्याच्या केंद्रासारखी जागा आणि करत असलेलं काम, एवढ्यावरून माणसाला थांबवू नका, असा हुकूम तिने आणि इतरांनी जुलैमध्ये मिळवला. ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे अंगावरचा कामाचा डगलाही संशयाला हातभार लावू शकतो, अशी आजची स्थिती आहे. ही हार मोठी आहे.

आणखी एक अवघड गाठ. सीमा गस्ती दलाच्या शिपायांचीही युनियन आहे, आणि ती अनेक वर्षं 'एएफजीई' या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महासंघातच होती. जानेवारी २०२६ मध्ये मिनियापोलिसमध्ये सीमा गस्तीच्या माणसांनी गोळ्या घालून मारलेला अतिदक्षता विभागातला नर्स त्याच 'एएफजीई'चा सभासद होता. आदल्याच दिवशी, २३ जानेवारीला, तिथे 'काम नाही, शाळा नाही, खरेदी नाही' असा दिवस पाळला गेला होता. हाडं गोठवणाऱ्या थंडीत हजारो लोक चालले, शेकडो दुकानं बंद राहिली. स्थानिक युनियनचा पाठिंबा असूनही 'संप' हा शब्द बऱ्याच युनियननी जपून वापरला. कारण साधं आहे: बहुतेक करारांत मुदत संपेपर्यंत संप न करण्याचं कलम असतं, आणि १९४७ च्या कायद्याने दुसऱ्याच्या भांडणासाठी संप पुकारायला मोठी बंधनं घातली आहेत. जो करार दार बंद ठेवतो, तोच करार हातही बांधतो.

आणि करार तरी किती जणांकडे? खासगी क्षेत्रात दहातला एकही कामगार युनियनमध्ये नाही. शेतमजूर आणि घरकामगार तर १९३५ च्या मूळ कामगार कायद्यातूनच वगळलेले. टोलेजंग हॉटेलच्या भटारखान्यात जे कलम आहे ते कोपऱ्यावरच्या धाब्यात नाही. म्हणून युनियनच्या हॉलमध्ये बाहेरच्यांसाठीही शिकवण्या चालतात. एक जण अधिकारी होतो, एक जण दारामागे उभा राहतो, आणि वाक्यं घोकून घेतली जातात: "कागद दाराखालून सरकवा." "मला बोलायचं नाही, मला वकील हवा." पळू नका, खोटं बोलू नका, खोटा कागद दाखवू नका. घरी मुलांना शाळेतून कोण आणेल, ते आजच लिहून ठेवा.

आपल्यातले पुष्कळ जण या सगळ्याकडे लांबून बघतात, कारण आपला माणूस तिकडे ऑफिसात किंवा विद्यापीठात असतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी च्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लागली, तेव्हा कोर्टात गेलेल्यांत मोटार कामगारांची जुनी युनियन 'यूएडब्ल्यू' होती. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारे, संशोधन करणारे हजारो विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) आज तिचेच सभासद आहेत, आणि त्यांत मराठी मुलंमुलीही आहेत. तुमच्या घरातलं कोणी तिकडे अशा कामावर असेल, तर पुढच्या फोनवर एवढं विचारा: तुमच्या विभागात युनियन आहे का, आणि करारात इमिग्रेशनचं कलम कितव्या पानावर आहे? ते पान फोनमध्ये काढून ठेवायला सांगा. शेजारी युनियनच्या वकिलाचा नंबर लिहायला सांगा, आणि तो पाठही करायला सांगा, कारण पकडल्यावर फोन आधी काढून घेतात.